दादा, तू दारू पीत नव्हतास

दादा, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण माझं भांडण तुझ्याशीच आहे, ते दुसऱ्या कुणाशी करू? तू होतास तेव्हाही माझं बोलणं एका कानाने ऐकायचास आणि दुसऱ्याने सोडून द्यायचास. आताही तसंच कर. मी बोलणार आहे.

तुला पोचवून माणसं परत आली, अंगणात पाय धुतले आणि शेजारून आलेला चहा घेऊन ओटीवर टेकली. पहिला घोट गणपतकाकांनी घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरगा गुणाचा होता. थोडी कमी प्यायला असता, तर अजून वीस वर्षं काय होत नव्हता." सगळ्यांनी माना डोलावल्या. डोळे पिवळे, पोट फुगलेलं, हातापायांच्या काड्या. आपल्या मुलखात असा माणूस मेला की त्याला दारूशिवाय दुसरं कारण कुणाला सुचत नाही. तू तर लग्नाच्या हळदीलासुद्धा कोकमाचं सरबत प्यायचास आणि काकाच तुला त्यावरून चिडवायचे. मी चहाचं ताट हातात घेऊन दारात उभी होते. गावात माझी ओळख तोंडाळ म्हणून, आणि त्या दिवशी माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. मी "नाही" म्हटलं असतं की पुढचा प्रश्न आला असता, मग काय झालं होतं? त्याचं उत्तर द्यायचं नाही अशी आण तू मला सात वर्षांपूर्वी घातली होतीस.

धसईच्या पुढच्या गुरांच्या दवाखान्यात तू परिचर होतास. म्हणजे झाडलोट करायची, जनावर धरायचं, औषधं पाजायची. पण डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे आणि एरवी तूच असायचास, म्हणून डोंगरातल्या सगळ्या वाड्या तुला गुरांचा डॉक्टर म्हणायच्या. तूही कुणाची चूक कधी दुरुस्त केली नाहीस. पावसाच्या आधी आणि पाऊस संपल्यावर तू गाडीला औषधाचा कॅन बांधून निघायचास. म्हशीची मान वर धरायची, जीभ एका बाजूला घ्यायची आणि बांबूच्या नळकांड्यातून जंताचं औषध हळूहळू सोडायचं, ठसका लागू द्यायचा नाही. मी बघितलंय तुला. माणसांशी बोलताना अडखळायचास, पण म्हशीच्या कानात काय सांगायचास कोण जाणे, ती गप उभी राहायची.

एकदा मी माहेरी आले होते आणि तुझा डबा घेऊन दवाखान्यात आले. कुणाची तरी शेळी मेली होती आणि डॉक्टरांनी ती उघडली होती. तू तिचं काळीज, म्हणजे यकृत, कापलंस आणि बोटांनी दाबलंस, तर आतून तपकिरी, चपटे, तुळशीच्या पानाएवढे जंत बाहेर आले. एक तळहातावर घेऊन तू माझ्या नाकासमोर धरलास. "बघ सुमे. पाण्याकाठच्या गवतावर चिकटून बसतो. गवतासंगं पोटात जातो न काळजात घर करतो. बकरी खात राहते न वाळत जाते." तू हात धुतलेस आणि माझ्यासमोर दीड भाकरी खाल्लीस. मी म्हटलं, जंतांचं मला शिकवू नको. मी अंगणवाडीत पोरांना जंताची गोळी समोर चावायला लावते आणि तोंड उघडून दाखवायला लावते. एका घरात जंतातले दोन जाणकार होतो आपण, आणि तरी आपल्याच घरातला जंत आपल्याला दिसला नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते काही उगाच नाही.

ही नोकरीही मला तुझ्यामुळेच मिळाली, हे मी कधी तोंडावर बोलले नाही. आमच्या ह्यांचा नकार होता. बायको दुसऱ्यांची पोरं सांभाळणार म्हणजे नाक कापलं जाणार होतं त्यांचं. तू वाद घातला नाहीस. दर रविवारी मुरबाडहून एसटी धरून आसनगावच्या पुढे आमच्याकडे यायचास आणि ओटीवर बसायचास. चहा प्यायचास, भातसा धरणाचं पाणी किती चढलं ते विचारायचास आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचास. असे पाच रविवार. सहाव्या आठवड्यात ह्यांनीच फॉर्म आणला, म्हणाले, तुझ्या भावाचं तोंड बघून कंटाळा आला. कुणाचं मन वळवायचं तर न बोलता बसून राहायचं, एवढी एकच कला तुला येत होती. पुढे तीच आपल्या मुळावर आली.

सात वर्षांपूर्वी तू दुपारचा अंगणवाडीत आलास. पोरं घरी गेली होती. उरलेली खिचडी खाल्लीस आणि ताट स्वतः घासलंस. तेव्हाच मला समजायला हवं होतं, कारण तू जन्मात कधी ताट घासलं नव्हतंस. मग पाठमोरा उभा राहून म्हणालास, "मला एचआयव्ही निघालाय." कुठून आला ते मी एकदा विचारलं. तू दाराकडे बघत राहिलास. मी परत कधी विचारलं नाही आणि दुसऱ्या दिवशी त्याच ताटात जेवले. तुला रडू येत नव्हतं, मला येत होतं. तू फक्त म्हणालास की आईची आण घे, हिला कळता कामा नये, ती पोरीला घेऊन माहेरी जाईल. मी आण घेतली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असंच शिकवलेलं ना आपल्याला.

मग सुरू झालं आपलं भांडण. वहिनीला सांग. तिचीही तपासणी करायला हवी. सांगेन, टाइम येऊ दे. प्रत्येक भाऊबीजेला ओवाळून झालं की मी ताम्हन खाली ठेवायच्या आधी विचारायचे आणि तू तेच उत्तर द्यायचास. एका वर्षी मी रागाने आलेच नाही. तू गोळ्या आणायला तालुका सोडून लांबच्या सेंटरवर जायचास, का तर ओळखीचं कुणी भेटू नये. त्या गोळ्या गुरांच्या कॅल्शियमच्या रिकाम्या बाटलीत ठेवायचास. पण नेमाने घ्यायचास, हे मी मान्य करते. अंगाने भरला होतास, रंग सुधारला होता. मला वाटायला लागलं होतं की तू म्हातारा होशील.

मला मात्र वहिनीच्या डोळ्याला डोळा देता येईना. तिच्या ताटात जेवायचं आणि तिच्याच जिवाची गोष्ट तिच्यापासून लपवायची, हे माझ्याच्याने होईना. मी सकाळी यायचे आणि दुपारच्या गाडीने निघायचे. ती आग्रह करायची, वन्सं, राहा की एक दिवस. मी म्हणायचे, अंगणवाडी आहे.

नवरात्राच्या सुमाराला तुला ताप यायला लागला. उजव्या बरगडीखाली दुखायचं, अंगाला खाज यायची. म्हशीने ढुशी मारली असेल म्हणून तू तेल चोळत राहिलास. दिवाळी गेली. मग डोळे पिवळे झाले आणि सगळ्यांना हायसं वाटलं, कारण आजाराला नाव मिळालं. कावीळ म्हटली की आपल्याकडे डॉक्टर कुणाला आठवत नाही, उतरवणारा आठवतो. आमच्या शहापूरच्या बाजूला एक बुवा आहेत, रविवारी आणि बुधवारी कावीळ उतरवतात. तुला तिथं नेलं कुणी? मी नेलं, दादा. अंगणवाडीत बायांना सांगते की कावीळ झाली तर आधी रक्त तपासा, आणि माझा स्वतःचा भाऊ मी बुवांच्या रांगेत बसवला.

बुवांनी तुझ्या हातावर चुन्याचं पाणी घातलं, चोळायला लावलं आणि खाली परातीत पिवळं पाणी पडलं. परात वहिनीने धरली होती. कावीळ बाहेर पडताना दिसते आहे असं मला खरंच वाटलं. मग बुवा म्हणाले, "एकवीस दिवस तेल नाय, हळद नाय, न बाहेरची एकपण गोळी नाय. गोळीने कावीळ आत बसते." तू माझ्याकडे बघितलंस. मला कळलं की तू काय विचारतो आहेस. ती गोळी सोडून, एवढे तीन शब्द बोलायचे होते. पण शेजारी वहिनी होती. मी परातीकडे बघत राहिले. वहिनीही परातीकडेच बघत होती. दुसऱ्या दिवशी मी फोन केला, ती गोळी घेतोस ना? तू म्हणालास, घेतोय. खोटं बोललास. बुवांच्या पथ्यात बसत नाही म्हणून तू बाटलीला हात लावला नव्हतास, आणि एकवीस दिवस झाल्यावरही लावला नाहीस, कारण तोवर पाण्याचा घोटसुद्धा पोटात ठरत नव्हता.

मुरबाडला एका खाजगी डॉक्टरांकडे सोनोग्राफी झाली. यकृतात डाग दिसत होते. त्यांनी पहिला प्रश्न दारूचा विचारला. आम्ही नाही म्हटलं, त्यावर ते नुसते हसले. मग विचारलं, आधीचा काही आजार? कसल्या गोळ्या चालू आहेत? तू बाहेरच्या बाकावर ग्लानीत पडला होतास. आत मी आणि वहिनी, दोन खुर्च्यांवर. मी म्हटलं, नाही. त्याच वेळी वहिनीही म्हणाली, नाय. दोघी एकदम आणि एकाच सुरात. डॉक्टरांचा विश्वास बसला. त्यांनी यकृतात गळू आहे असं धरून इंजेक्शनं सुरू केली आणि तीन आठवडे त्यातच गेले.

शेवटी तुला मुंबईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं कुणी काही न विचारता सगळं रक्त तपासलं. तिसऱ्या दिवशी एका डॉक्टरबाईंनी वहिनीला आत बोलावून दार लावून घेतलं. मी बाहेर उभी. मला वाटलं, आता हिला कळणार आणि ही कोसळणार. भिंतीला टेकून मी वाट बघत होते. ती बाहेर आली. चेहरा रोजच्यासारखाच. "चहा घेऊया का, वन्सं?" म्हणाली. मी मनात म्हटलं, सुटलो, डॉक्टरांनी सांगितलेलं दिसत नाही. माझा भाऊ आत मरायला टेकला होता आणि मला सुटल्यासारखं वाटत होतं. एवढ्या खालच्या पायरीला मी उतरले होते.

तुझ्या तोंडातून नळी घालून त्यांनी पित्ताच्या नळीतून काहीतरी बाहेर काढलं. डॉक्टरबाईंनी आम्हाला मोबाइलवर फोटो दाखवला, असा काही कधी बघितलाय का म्हणून. मी बघितला होता, तुझ्याच हातावर. तपकिरी, चपटा, पानाएवढा. त्यांनी विचारलं, पाण्यात उगवणारी भाजी कच्ची खायची सवय होती का? वहिनी म्हणाली, नाळीची भाजी. तू वाड्यांवरून पिशवी भरून आणायचास आणि कोवळे शेंडे कच्चेच चटणीशी खायचास. पूर्वाही तुझ्याबरोबर खायची. तेरा वर्षांची तुझी लेक तुझ्या गाडीवर बसून सगळे डोंगर फिरलेली, जे बापाच्या तोंडात ते तिच्या तोंडात.

ह्या जंतावर गोळ्या असतात, पण माणसांना देतात त्या दवाखान्यात नव्हत्या, मागवाव्या लागणार होत्या. मी तुला हे सांगितलं तेव्हा तू डोळे उघडलेस आणि हसलास. "आमच्या कपाटात हाय ना गो. खालच्या फळीवर. म्हशीचा." तुझं माझ्याशी शेवटचं धड बोलणं ते. गोळ्या पाचव्या दिवशी आल्या, त्या तू घेतल्यास आणि आठवडाभरात गेलास. बैल गेला आणि झोपा केला.

दहाव्याला डोंगरातल्या वाडीवरून पारूबाय आली. तीच, जिची विताना अडलेली गाय तू रात्रभर बसून सोडवली होतीस आणि जी तुला दर वर्षी शेवळ्याच्या रानभाजीची जुडी धाडायची. दोन तास चालत आली होती. ओटीच्या खाली बसली, वर ये म्हटलं तरी येईना. मी भाजीचं सांगितलं तर कपाळाला हात लावला तिने. म्हणाली, "त्याला बोललेली मी. तल्यात गुरा बसतात, ती भाजी आमी कच्ची नाय खाव. शिजवून खाव. त्याला बोललेली, तर हसला न खाल्लान." दादा, दवाखान्यातल्या बाकीच्या लोकांनी वाडीत कधी पाणीही घेतलं नाही. तू त्यांच्या चुलीपाशी बसून खायचास, याचा मला अभिमान होता. पण त्यांचं ऐकायचं मात्र नाही, असं का? जंत गवतावरून पोटात जातो हे तू शेळीचं काळीज फाडून मला दाखवलंस, पारूबायने तुला तोंडावर सांगितलं, आणि तू हसलास. माणसाला होत नाही असं वाटलं तुला. किंवा गुरांचा डॉक्टर म्हणून घेता घेता तुला तेच खरं वाटायला लागलं होतं.

त्याच दिवशी पिंडाला कावळा शिवायची वाट बघत सगळे बसले होते आणि पूर्वा माझ्याशेजारी होती. ती सारखी उजव्या बरगडीखाली हात धरत होती. मी विचारलं, काय झालं गो? म्हणाली, "काय नाय आत्या. पंधरा दिवस असाच दुखते." तुझंही याच जागेपासून सुरू झालं होतं. डॉक्टर तिला बघणार, घरातल्यांचं विचारणार, बापाचं विचारणार. परत एकदा दोन खुर्च्यांवर बसून मी नाही म्हणणार होते का? कावळा बराच वेळ शिवला नाही. काकांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

दुसऱ्या दिवशी मागच्या पडवीत वहिनी एकटी बसली होती. मी तिच्यासमोर बसले. म्हटलं, "वयनी, दादाने मला आण घातलेली. ती मी आज मोडते."

ती जमिनीकडे बघत म्हणाली, "एचआयव्हीचा ना?"

दादा, मी सरकून तिच्या अगदी जवळ गेले. मग मी विचारलं की तुला कधीपासून ठाऊक आहे.

"पोरगी पहिलीत होती तवापासून. सेंटरवाल्यांनी बोलावलेला आमाला दोघांना. माझी तपासणी दर वर्षाला करतात. माझ्यात नाय, पोरीतपण नाय." मग तिने वर बघितलं. "तुमाला कधी कळला?"

मी सांगितलं. तिच्या महिनाभर आधी.

"मला बोललेले, सुमीला कळता कामा नये. कळला तर ती भाऊबीजेला येयाची नाय, तिच्या सासरी बोभाटा होईल. आईची आण घातलेली मला." तिने बोटाने जमिनीवर रेघ ओढली. "बुवाकडं मी बोलणार होते, ती गोळी बंद नको म्हणून. पण तुमी होतात."

मी म्हटलं, "न मुरबाडला मी बोलणार होते. पण तू होतीस."

आम्ही गळ्यात गळा घालून रडलो असं तुला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. ती उठली, चूळ भरून आली आणि परत तिथंच बसली. माझ्या डोक्यात सात भाऊबीजा फिरत होत्या. सांगेन, टाइम येऊ दे. तू तिला कधीच सांगितलं होतंस, आणि तरी दर वर्षी माझ्या शिव्या खात पाटावर बसून राहायचास. मी येऊन लगेच निघते ती नोकरीच्या तोऱ्याने, असं ती समजत होती. ही बिचारी फसवली जाते आहे असं मी समजत होते. आम्ही दोघी एकत्र बसलो असतो तर तुला सेंटरवर हात धरून नेलं असतं, पथ्यावर भांडलो असतो, त्या मुरबाडच्या डॉक्टरांसमोर बाटली आणून ठेवली असती. हेच तुला नको होतं ना? दोन बायका मिळून तुझा आजार सांभाळतायत, हे तुला सहन झालं नसतं. निदान एकीसमोर तरी तुला जुना दादा राहायचं होतं, आणि दुसरीसमोर घरधनी. म्हणून तू आमच्यात भिंत घातलीस. ती भिंत तुझ्यावरच पडली, दादा. आम्ही दोघी तिच्या दोन बाजूंना धडधाकट उभ्या आहोत.

वहिनीला तेराव्यापर्यंत घराबाहेर पडता येत नव्हतं, म्हणून पूर्वाला मी नेलं, त्याच डॉक्टरबाईंकडे. वहिनीने तुझे सगळे कागद पिशवीत घालून दिले, सेंटरचं पुस्तकसुद्धा. मी त्यांना काही विचारू दिलं नाही, आधी सगळं सांगून टाकलं. मग मी विचारलं की मुरबाडला तेव्हाच बोललो असतो तर तो वाचला असता का. त्यांनी मला खोटा धीर दिला नाही. म्हणाल्या, खात्रीने कुणी सांगू शकत नाही. पण नुसत्या जंताने सहसा माणसाचं यकृत इतक्या झपाट्याने जात नाही. गोळ्या बंद झाल्या आणि अंगातली ताकद गेली, तिकडे जंताने पित्ताच्या नळ्या खराब केल्या होत्या, दोन्ही आजारांनी एकमेकांना हात दिला. ह्या जंतात रक्तातल्या काही पेशी वाढतात, त्यावरून संशय येतो. तुझ्यात त्या म्हणाव्या तेवढ्या वाढल्या नव्हत्या, एचआयव्हीमुळेही असेल. आधी कळलं असतं तर आम्ही वेगळ्या नजरेने शोधलं असतं, असं म्हणाल्या.

पूर्वाच्या यकृतात लहान डाग आहेत. रक्तातूनही तोच जंत असल्याचं दिसलं. वेळेत आणलंत म्हणाल्या, बरी होईल. ह्या वेळी गोळ्या दवाखान्यातच होत्या, लगेच मिळाल्या. मी त्या तिला समोर बसून घ्यायला लावल्या आणि तोंड उघडून दाखवायला लावलं. ती चिडली, म्हणाली, मी काय बालवाडीत हाय? तेराव्याच्या आदल्या रात्री वहिनीने तिला जवळ बसवून सगळं सांगितलं. मी दाराबाहेर उभी राहून ऐकत होते. पोरगी रडली नाही. एवढंच विचारलं की बाबांनी मला का नाय सांगतला.

तेराव्याला अंगणात मांडव घातला होता. पहिल्या पंगतीला साठ-पासष्ट माणसं होती. वाढपी वरण घेऊन फिरत होते, आणि गणपतकाका शेजारच्या पाहुण्याला तेच सांगत होते, पोरगा सोन्यासारखा होता पण बाटलीने घात केला. पाहुणा भात कालवत हं हं करत होता. मी भाजीची बादली खाली ठेवली. पण मी तोंड उघडायच्या आत वहिनी बाहेर आली. तेरा दिवसांत ती पहिल्यांदा पुढच्या उंबऱ्याबाहेर आली होती. ओटीच्या कडेला उभी राहिली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि गुरं मोजावीत तशा साध्या आवाजात बोलली.

"काका, ते दारू पीत नव्हते. त्यांना एचआयव्ही होता, आठवं वर्ष लागलेला. पोटात गुरांचा जंत गेलेला, त्याने न ह्याने मिळून यकृत गेला. आमाला ठाव होता न आमी डॉक्टरला बोललो नाय, लोक काय बोलतील म्हणून. मी तपासलेय, मला नाय. पोरीला नाय. जेवा आता सावकाश."

वाढप्यांचे हात थांबले. मग पानावरून कुणीतरी उठलं. त्याच्याशेजारचा उठला. मी तिथंच उभी राहून मोजत होते. काका उठले नाहीत. खाली मान घालून त्यांनी पानावरचा भात संपवला आणि ताक मागितलं. पारूबाय मांडवाच्या टोकाला बसली होती, तिने वरण परत घेतलं. साठ-पासष्टांतली बाकी सगळी माणसं जेवली. कुणी पान अर्धं टाकलं नाही, कुणी पाणी दुसरीकडे जाऊन प्यायलं नाही. दोघातिघांनी जाताना वहिनीसमोर हात जोडले.

नऊ माणसं उठली, दादा. आठ जणांची नावं तुला सांगून काय उपयोग. नववे आमचे हे होते. हात धुऊन गाडीला किक मारली आणि माझ्याकडे न बघता निघून गेले. मी अजून इथंच आहे, वहिनीजवळ. त्यांचा फोन येईल किंवा येणार नाही. पण आकडा तेवढा नीट ऐक. सात वर्षं आम्ही तिघं ज्यांना भ्यालो आणि ज्यांच्यापायी तू गेलास, ती माणसं सगळी मिळून नऊ निघाली.